सामाजिक संस्था चालवणारी माणसं का थकतात? 'बर्नआउट' म्हणजे नेमकं काय?

रात्री साडेअकराला फोन वाजतो. वस्तीतल्या एका मुलीला तातडीने दवाखान्यात न्यायचं असतं. सकाळी दहाला देणगीदार कंपनीचे लोक प्रकल्प बघायला येणार, दुपारपर्यंत ऑडिटरकडे कागद पोहोचायला हवेत आणि दोन कार्यकर्त्यांचे पगार अजून व्हायचे आहेत. संस्थेच्या प्रमुखाने स्वतःचं मानधन तीन महिने उचललेलं नाही, पण हे घरी कोणाला माहीत नाही. तालुक्याच्या गावी लहान संस्था चालवणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

'जरा स्वतःकडेही बघा,' असं या माणसाला सगळेच सांगतात. ते बघायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. मानसशास्त्रात या थकव्याचा अभ्यास पन्नास वर्षं सुरू आहे. विशेष म्हणजे, तो सुरू झाला तोच एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांपासून.

हा शब्द आला कुठून?

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. नाझी राजवटीतून लहानपणीच जीव वाचवून ते जर्मनीतून अमेरिकेत आले होते. १९७०च्या सुमारास ते दिवसभर स्वतःचे रुग्ण तपासायचे आणि संध्याकाळी व्यसनाधीन तरुणांसाठीच्या मोफत दवाखान्यात जायचे. तिथलं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं.

काही महिन्यांनी त्यांना सोबतच्या स्वयंसेवकांमध्ये बदल दिसू लागला. उत्साहाने आलेली मुलं चिडचिडी झाली. डोकेदुखी आणि निद्रानाश सुरू झाला. ज्यांच्यासाठी ती आली होती, त्याच रुग्णांबद्दल कडवटपणे बोलू लागली. खुद्द फ्रॉइडेनबर्गरही यातून सुटले नाहीत. कुटुंबासोबत सुट्टीवर जायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना.

१९७४ साली त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि या अवस्थेला 'बर्नआउट' म्हटलं. व्यसनी लोकांच्या बोलीत हा शब्द आधीपासून होता. याचा धोका सर्वांत जास्त कोणाला, याचं त्यांनी दिलेलं उत्तर आजही अस्वस्थ करतं. कामचुकारांना नव्हे, तर कामाला झोकून देणाऱ्यांना.

लक्षणं कोणती?

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ साली सहकाऱ्यासोबत बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, भावनिक थकवा. रात्रभर झोपूनही हा जात नाही. दुसरी, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा. 'हे लोक सुधारणारच नाहीत,' हे वाक्य कार्यकर्त्याच्या तोंडी पहिल्यांदा येतं, तेव्हा सावध व्हायला हवं. तिसरी, आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. शाळाबाह्य चाळीस मुलं शाळेत गेली तरी मन न गेलेल्या सातांवरच अडकून राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था आहे. म्हणजे त्याचं कारण कामाच्या रचनेतही शोधायचं, फक्त माणसात नाही.

नैराश्य ही मात्र वेगळी गोष्ट आहे. कामाबाहेरच्या कशातही रस उरला नसेल, आठवडेच्या आठवडे झोप किंवा भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सुट्टीने भागत नाही. डॉक्टरांना भेटायला हवं. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत बोलता येतं. मराठीतही.

सामाजिक संस्थांमध्येच जास्त का?

मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी कामाचे सहा पैलू सांगितले आहेत: कामाचा भार, कामावरचं नियंत्रण, मोबदला, सोबतची माणसं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. यात माणूस आणि काम यांचा मेळ बसला नाही की बर्नआउटची वाट मोकळी होते.

सामाजिक कामाची गंमत इथे आहे, किंवा गोची म्हणा. मूल्यांचा मेळ इतका घट्ट असतो की माणूस बाकीच्या पाच गोष्टी चालवून घेतो. पगार कमी, चालेल. रविवारी मीटिंग, चालेल. कंपनीतला माणूस ज्या दिवशी राजीनामा देईल, त्या दिवशी संस्थेतला माणूस आणखी एक जबाबदारी अंगावर घेतो. घरचे 'लष्करच्या भाकऱ्या' म्हणून टोमणा मारतात तेव्हा तर तो अधिकच हट्टाने कामाला लागतो.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. देणगीदाराला शाळेचं दप्तर, पाण्याची टाकी, शस्त्रक्रिया यासाठी पैसे द्यायला आवडतं. हिशेबनीस, दुसऱ्या फळीतला व्यवस्थापक, कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा यासाठी नाही. अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये या प्रकाराला संस्थांच्या 'उपासमारीचं चक्र' म्हटलं. देणगीदार कमी प्रशासकीय खर्चाची अपेक्षा ठेवतात, संस्था तो कमी करतात, कागदावर त्याहून कमी दाखवतात, मग अपेक्षा आणखी खाली जाते.

भारतात परदेशी देणगीबाबतच्या कायद्यातली, म्हणजे एफसीआरएमधली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२०च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सीएसआरच्या नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा खरंतर कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. पण संस्थेने अंदाजपत्रकात व्यवस्थापकाचा पगार धरला की हाच आकडा तिच्या तोंडावर फेकला जाण्याची शक्यता असते. करसवलतीची नोंदणीही आता ठरावीक मुदतीनंतर नव्याने करावी लागते. हे सगळं करायला माणूस ठेवायला पैसे नाहीत, म्हणून ते काम रात्री संस्थेचा प्रमुखच करतो.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची त्यांची पद्धत पुढे देशाबाहेरही पोहोचली. हे काम ऐन भरात असताना, पन्नाशीही गाठलेली नसताना, अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. हजारोंच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या डॉक्टरचं स्वतःच्या आहाराकडे, व्यायामाकडे आणि मनावरच्या ताणाकडे दुर्लक्ष झालं होतं. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी हे आडपडदा न ठेवता मांडलं. त्यानंतर व्यायाम, योग, ध्यान आणि आहारातले बदल त्यांच्या दिनक्रमात आले. काम त्यांनी सोडलं नाही.

गांधीजींच्या सोमवारच्या मौनाला आपण आध्यात्मिक साधना म्हणून ओळखतो. सुरुवातीचं कारण मात्र अगदी व्यवहारी होतं: सततच्या भेटीगाठींतून सुटका आणि लिहायला वेळ. आठवड्याचा एक दिवस त्यांनी ठरवून लोकांपासून वाचवला होता.

मग उपाय काय?

जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांच्या अभ्यासानुसार, नुसतं कामावर न जाणं म्हणजे विश्रांती नव्हे. मनातूनही काम बाजूला पडावं लागतं. संस्थेचे व्हॉट्सअॅप ग्रुप उघडे ठेवून महाबळेश्वरला गेलेला माणूस कामावरच असतो. कामाशी संबंध नसलेलं काही नवीन शिकल्यानेही मन भरून येतं, असं त्या सांगतात. तबला, पोहणं, बागकाम, काहीही. इथे बरेच जण फसतात. 'स्वतःचा विकास' म्हणून ते सुट्टीत नेतृत्वाचं आणखी एक शिबिर करतात. त्याचा उपयोग संस्थेला होईल, थकव्याला नाही.

पण माणूस बाजूला होऊ शकेल अशी संस्थाच नसेल तर? चेकवर सही करणारा एकच, देणगीदारांशी बोलणारा एकच, पासवर्ड माहीत असलेलाही तोच. अशा ठिकाणी योगासनांचा सल्ला थट्टेसारखा वाटतो. हा प्रश्न विश्वस्तांचा आहे. प्रमुखाचं मानधन थकलं का, रजा किती शिल्लक आहे, तो नसताना काम कोण बघतं, हे प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी यायला हवेत आणि इतिवृत्तात नोंदले जायला हवेत.

लॉस एंजेलिसमधलं डर्फी फाउंडेशन १९९७ पासून सामाजिक संस्थांच्या प्रमुखांना किमान तीन महिन्यांच्या दीर्घ रजेसाठी पैसे देतं. रजेत कार्यालयाशी संपर्क ठेवायचा नाही, ही अपेक्षा. अशा योजनांच्या अभ्यासात प्रमुख ताजेतवाने होऊन परतल्याचं दिसलंच, शिवाय त्यांच्या जागी काम बघणारे सहकारीही तयार झाले. काही प्रमुखांनी परत आल्यावर त्यातल्या बऱ्याच जबाबदाऱ्या त्यांच्याकडेच राहू दिल्या.

तालुक्यातल्या लहान संस्थेला तीन महिने परवडणार नाहीत. तिथे सुरुवात दुसऱ्या सहीपासून करता येते. बँकेत आणखी एका सहकाऱ्याचं नाव, रात्रीच्या फोनसाठी आठवड्याची पाळी, आणि पुढच्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात हिशेबनिसाच्या पगाराची एक स्वतंत्र ओळ. देणगीदार ती कदाचित खोडेल. पण ती लिहिलेली नसेल, तर मंजूर होण्याचा प्रश्नच येत नाही.