इतिहास विषयातील विद्यार्थी-संशोधन आणि संदर्भनोंदींची शिस्त : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पदवी व पदव्युत्तर स्तरावरील इतिहासाचे प्रकल्प आणि लघुशोधनिबंध तपासताना एक बाब वारंवार निदर्शनास येते. निबंधाच्या अखेरीस संदर्भग्रंथांची भरगच्च यादी असते. परंतु निबंधातील कोणते विधान कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पृष्ठावरून घेतले, हे त्या यादीवरून कळत नाही. संदर्भनोंद हा निबंध पूर्ण झाल्यावर उरकण्याचा उपचार आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत झालेली दिसते. अध्यापकांचे मार्गदर्शनही पुष्कळदा स्वल्पविराम कोठे द्यावा, ग्रंथनाम तिरप्या टायपात घ्यावे की ठळक, एवढ्यापुरते मर्यादित राहते. संदर्भनोंदीची ही शिस्त इतिहासलेखनात कोणत्या गरजेतून निर्माण झाली आणि मराठी साधनांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ती कशी पाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तळटीपेची जडणघडण

विधानाबरोबर त्याचा आधार छापण्याची पद्धत युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत दृढ झाली. पिएर बेल याच्या १६९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रकोशात मूळ मजकुरापेक्षा टीपांचाच विस्तार मोठा होता. एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील टीपा ग्रंथाच्या अखेरीस होत्या. वाचकाला प्रत्येक वेळी पाने उलटावी लागतात, ही अडचण तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने प्रकाशकाच्या नजरेस आणली आणि नंतरच्या आवृत्तीत टीपा पृष्ठाच्या तळाशी आल्या. आधार विधानाच्या जवळ असावा, ही अपेक्षा त्या काळापासूनची आहे. पुढे लिओपोल्ड फॉन रांके याने १८२४ च्या आपल्या पहिल्या ग्रंथाला पूर्वसूरींच्या साधनांची चिकित्सा करणारी स्वतंत्र पुरवणी जोडली. त्यामुळे साधनांचा निर्देश आणि साधनांची पारख या गोष्टी एकमेकींशी जोडल्या गेल्या.

आज प्रचलित असलेले नमुने त्यानंतरचे आहेत. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच विद्यापीठात प्रबंधांच्या तपासणीचे काम पाहणाऱ्या केट तुराबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या अद्याप वापरात आहेत. इतिहासकारांनी प्रामुख्याने तळटीपांची पद्धत पसंत केली, याला कारण आहे. कंसात लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष देण्याची पद्धत आधुनिक ग्रंथ आणि लेख यांना पुरेशी ठरते. दप्तरातील एखाद्या पत्राला मात्र प्रकाशनवर्ष नसते, कित्येकदा लेखकाचे नावही नसते. त्याचा पत्ता सविस्तरच द्यावा लागतो.

मराठी इतिहासलेखनातील अनुभव

या शिस्तीचे मोल मराठी इतिहासलेखनाने स्वतःच्या अनुभवातून जाणले आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. डफने विपुल कागदपत्रे पाहिली होती, हे निर्विवाद आहे. तथापि त्याच्या तळटीपांत अनेक ठिकाणी ‘मराठी हस्तलिखिते’ एवढाच मोघम निर्देश आढळतो. कोणते हस्तलिखित, कोणाच्या संग्रहातील आणि कोणत्या काळातील, हे त्यावरून समजत नाही. परिणामी डफचे विधान स्वीकारायचे झाले तरी ते विश्वासावर स्वीकारावे लागते आणि नाकारायचे झाले तरी त्याचा आधार तपासता येत नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास तरुण वयात डफच्या ग्रंथावर टीका लिहिली. मराठ्यांचा इतिहास मूळ साधनांच्या आधारे नव्याने पारखला पाहिजे, या जाणिवेची ती सुरुवात मानली जाते.

ही जाणीव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या कार्यात पूर्णत्वाला गेली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे एकूण बावीस खंड झाले. त्यातील पत्रांना लेखांक दिलेले आहेत. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या व्यवस्थेमुळे राजवाड्यांशी मतभेद असणाऱ्या अभ्यासकालाही नेमक्या त्याच पत्रावर बोट ठेवून वाद घालता येतो. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतील कित्येक अनुमाने पुढील संशोधकांनी अमान्य केली. लेखांकाने निर्दिष्ट केलेली पत्रे मात्र सर्वांच्या उपयोगी पडत राहिली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड यांनी हीच परंपरा पुढे नेली.

मराठी साधनांची नोंद : काही व्यावहारिक मुद्दे

परदेशी नमुना जसाच्या तसा स्वीकारल्यास मराठी साधनांच्या बाबतीत काही अडचणी येतात. त्यासाठी पुढील गोष्टी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगाव्या लागतात.

पहिली गोष्ट, संपादित साधनग्रंथाचा निर्देश पृष्ठांकाबरोबर लेखांकानेही करावा. उदाहरणार्थ, ‘राजवाडे, वि. का. (संपा.), मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड १, १८९८, लेखांक अमुक’. पुनर्मुद्रणात पृष्ठे बदलू शकतात. लेखांकामुळे पत्र सापडते. बखरींना हा नियम अधिकच लागू आहे. सभासदाच्या बखरीसारख्या ग्रंथाच्या अनेक संपादित आवृत्त्या असल्याने संपादकाचे नाव व आवृत्तीचे वर्ष गाळल्यास नोंद निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट कालनिर्देशाची. जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. शकात सरसकट ७८ मिळवणारा विद्यार्थी १६२९ हे वर्ष काढील. परंतु फाल्गुन महिना इसवी सनाच्या नव्या वर्षात पडतो. म्हणून तेथे ७९ मिळवून १६३० हे वर्ष येते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे आहे, हेही नमूद केले पाहिजे. शके १५४९ म्हणजे १६२७ हे वर्ष सांगणारी परंपरा वेगळ्या साधनांवर आधारलेली होती; लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केल्यानंतर त्या प्रश्नाची चर्चा बदलली. म्हणून टीपेत मूळ मिती आणि तिचे रूपांतर अशी दोन्ही द्यावीत. रूपांतरात चूक झाली, तरी वाचकाला ती दुरुस्त करता येते.

तिसरी गोष्ट, अप्रकाशित कागदांचा पत्ता पूर्ण असावा. पुणे पुराभिलेखागारातील मोडी कागदाचा उल्लेख करताना दप्तराचे नाव, रुमाल क्रमांक, पुडके क्रमांक आणि कागदाची मिती हा क्रम सोयीचा आहे. केवळ ‘पेशवे दप्तर, पुणे’ असे लिहिणे म्हणजे डफच्या मोघम टीपेची पुनरावृत्ती होय.

चौथी गोष्ट, जे पत्र स्वतः पाहिले नाही, ते पाहिल्याचा आभास निर्माण करू नये. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’तून एखादे पत्र घेतले असल्यास मूळ पत्राचा निर्देश करून ‘सरदेसाई यांनी उद्धृत केलेले’ असे स्पष्ट म्हणावे. तसेच ‘तत्रैव’ हा शब्द जपून वापरावा. मजकुराचे परिच्छेद मागेपुढे केले की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. त्याऐवजी लेखकाचे आडनाव, संक्षिप्त ग्रंथनाम व पृष्ठांक देणे सुरक्षित असते; शिकागो नियमपुस्तिकेच्या २०१७ च्या आवृत्तीनेही अशा संक्षिप्त नोंदीलाच पसंती दिली आहे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्थानिक इतिहासाविषयीची आहे. आपले अनेक विद्यार्थी स्वतःच्या गावावर, देवस्थानावर, बाजारपेठेवर किंवा घराण्यावर प्रकल्प करतात. त्यासाठी ते वापरत असलेली वतनपत्रे, सहकारी संस्थांची इतिवृत्ते आणि वृद्धांच्या मुलाखती पुष्कळदा कोणत्याही सूचीत नसतात. कागद कोणाच्या संग्रहात, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी पाहिला आणि मुलाखत कोणाची, कोठे व कधी घेतली, हे संबंधितांच्या संमतीने नोंदले पाहिजे. तो कागद उद्या नष्ट झाला, तर विद्यार्थ्याची तळटीप हाच त्याच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा उरेल.

मूल्यमापनाचा प्रश्न

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यप्रतिबंधक विनियम जारी केले. तेव्हापासून साम्यतपासणीचा अहवाल आणि त्यातील १० टक्क्यांची मर्यादा यांकडे सर्वांचे लक्ष असते. या तपासणीची उपयुक्तता मान्य केली, तरी तिची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. त्या गणनेतून संदर्भसूची वगळली जाते; साहजिकच सूचीतील नोंदी खऱ्या आहेत की नाहीत, हे अहवाल सांगत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांच्याही अगदी नमुनेदार नोंदी तयार करून देतात. स्वल्पविराम व कंस बिनचूक, परंतु ग्रंथच नाही, अशी ही अवस्था आहे. केवळ स्वरूपाला गुण देणारी पद्धत तेथे अपुरी पडते.

यावर एक साधा उपाय करता येण्यासारखा आहे. मौखिक परीक्षेत निबंधातील कोणत्याही दोन तळटीपा निवडून विद्यार्थ्याला ते ग्रंथ किंवा कागदाची प्रत समोर ठेवावयास सांगावे आणि विधान व आधार ताडून पाहावेत. तसेच विभागाने मराठी साधनांसाठी एक पानी नमुना ठरवून तो प्रकल्पाच्या प्रारंभीच द्यावा. कारण टिपण काढतानाच न लिहिलेला पृष्ठांक शेवटच्या आठवड्यात क्वचितच सापडतो.

निष्कर्ष

संदर्भनोंदीचे नमुने बदलत आले आहेत आणि पुढेही बदलतील. कोणता नमुना स्वीकारावा, हा सोयीचा व एकवाक्यतेचा प्रश्न आहे. वाचकाला आपल्या मागोमाग मूळ साधनापर्यंत जाता यावे, ही अट मात्र कोणत्याही नमुन्यात सुटत नाही. डफची मोघम टीप आणि राजवाड्यांचा लेखांक यांतील अंतर विद्यार्थ्याला एकदा उमगले, म्हणजे स्वल्पविरामाचे नियम शिकवणे अवघड जात नाही. मग आपली चूकही इतरांना शोधता यावी, अशा रीतीने तो लिहू लागतो. इतिहासाच्या अध्यापनाला याहून मोठे फलित अपेक्षित नाही.