तार गेली, दोष राहिला

खामगावला रेल्वे आली ती १८७० साली. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा, पण त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, कारण फाट्याच्या टोकाला वऱ्हाडातली नामांकित कापूसपेठ होती. त्याच वर्षी समुद्रतळाच्या केबलने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव तारेवरून अधिक भरवशाने येऊ लागला. जमिनीवर ती तार म्हणजे खांबांवर ताणलेला धातूचा धागा, आणि तो वारंवार बिघडे. पावसाळ्यात ओल्या इन्सुलेटरवरून प्रवाह जमिनीत झिरपे, मोडलेली फांदी तारेला खाली ओढी, सांधे गंजत. मात्र तारखात्यातली माणसे दोष शोधायला अंदाजाने धावत नसत. टोकाच्या तारघरात तारेचा रोध मोजून बिघाड किती अंतरावर आहे याचा हिशेब मांडत, किंवा मधली ठाणी एकेक करून तपासत: इथवर निरोप नीट येतो, पुढे येत नाही. लाइनमन निघे तो त्या टप्प्याचे नाव घेऊनच. मला वाटते, खामगावच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात आज बिनतारी माऊस बिचकतो, कर्सर उड्या मारतो किंवा मध्येच थिजतो, तेव्हा लागणारी विद्या हीच आहे. संगणकाच्या शिकवणीत ती क्वचितच सांगितली जाते. ती तारघराची आहे.

माऊस ते संगणक ही हातभर लांबीची का होईना, एक तारलाइनच आहे आणि तिचीही ठाणी आहेत. पहिले ठाणे पोटातला सेन्सर. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो, हजारो छायाचित्रे घेतो आणि एका चित्रातला खडबडीतपणा पुढच्या चित्रात कुठे सरकला यावरून हालचाल ओळखतो. काचेवर किंवा चकचकीत टेबलावर त्याला पकडायला काही सापडत नाही. खाली साधा कागद ठेवल्यावर कर्सर स्थिरावला, तर दोष तिथेच संपला. दुसरे ठाणे सेल. तो उतरत आला की माऊस काही वेळ चालतो आणि काही वेळ नाही, आणि हे अर्धवट चालणेच सर्वांत फसवे असते. पुढे रिसीव्हर. माऊस आणि रिसीव्हर दोन्ही दुसऱ्या संगणकाला लावले आणि तिथे सगळे सुरळीत चालले, तर माऊस निर्दोष. मग उरतात पहिला संगणक आणि त्याच्याभोवतीची हवा.

इथे आक्षेप येतो तो असा: तार डोळ्यांना दिसते, तिच्यावर अंतर मोजता येते, हवेत कुठले ठाणे आणि कुठला खांब? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. १८८५ च्या तार कायद्याने आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने लहरी सोडणारे यंत्र तारयंत्राच्याच घरात बसवले, आणि ते बाळगायला परवाना लागे. जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट दिली. वायफाय, ब्लूटूथ आणि बहुतेक बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. म्हणजे हवेतही रस्ता आहे, फक्त तो सामाईक आहे, आणि दोष आपल्या यंत्रात नसून शेजाऱ्याच्या यंत्रातही असू शकतो. २०१२ साली इंटेलने प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तर शेजारी अगदी चिकटून बसलेला निघाला: यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट याच पट्ट्यात शिरतो आणि जवळच्या रिसीव्हरला बहिरा करतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी इतकी तपासणी कशाला, नवा माऊस घ्यावा. सेन्सर मेला असेल तर जरूर घ्यावा. पण यूएसबी ३.० च्या पेन ड्राइव्हला खेटून असलेल्या पोर्टमध्ये रिसीव्हर असेल, तर नवा माऊसही त्याच ठिकाणी तसाच अडखळेल आणि दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी तेवढाच ताटकळेल. तिथे रिसीव्हरला एक छोटी एक्स्टेन्शन केबल जोडून तो पोर्टपासून दूर, माऊसच्या समोर आणावा लागतो. बिनतारी यंत्राला तेवढ्यापुरती का होईना, पुन्हा तार लागते.