शालेय विद्यार्थी आणि मज्जासंशोधन : उन्हाळी प्रशिक्षणाच्या कल्पनेचा इतिहास

शाळेतील बुद्धिमान मुलास सुट्टीच्या काळात संशोधनाची दीक्षा द्यावी, हा विचार भारतात शासकीय योजनेच्या रूपाने अवतरला तो १९६३ साली. रशियाने १९५७ मध्ये कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेने माध्यमिक विद्यार्थ्यांच्या उन्हाळी विज्ञानशिक्षणावर द्रव्य वेचण्यास आरंभ केला होता. त्याच काळाची छाया आपल्याकडील योजनेवरही पडलेली दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दिल्लीपुरत्या अवघ्या १० शिष्यवृत्त्या ठेवून विज्ञान प्रतिभाशोध सुरू केला. पुढील वर्षी तो सर्व देशास लागू झाला आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली.

या योजनेचे खरे वैशिष्ट्य तिच्या निवडपद्धतीत होते. लेखी परीक्षा व मुलाखत यांच्या जोडीस विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल मागविला जाई. निवड झालेल्यांनी मूलभूत विज्ञानच शिकावे अशी अट असे, व त्यांच्यासाठी उन्हाळी वर्गही भरविले जात. १९७६ मध्ये योजनेचा विस्तार झाला : सामाजिक शास्त्रे, वैद्यक व अभियांत्रिकी तीत आली, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या, आणि प्रकल्पाची जागा वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या कसोट्यांनी घेतली. विस्तार स्वागतार्ह होता. परंतु मुलाच्या हातून काय घडते हे पाहण्याची रीत त्यात लोपली, आणि हा तोटा लहान नव्हे. १९९९ मधील किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना मुख्यतः चाचणी व मुलाखत यांवर उभी राहिली. २०२२ मध्ये ती २००८ साली घोषित झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. ‘इन्स्पायर’ची शिबिरे सुमारे पाच दिवसांची असतात व त्यांत नामवंतांची व्याख्याने होतात.

पाच दिवस मज्जासंशोधनास कितपत पुरतात, याचे उत्तर नागपूरच्याच कार्यात शोधता येते. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार व त्यांचे सहकारी यांनी मागूर माशाच्या घ्राणसंस्थेतील, अग्रमस्तिष्कातील व पीयूषिकेतील ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ या द्रव्याचा मागोवा घेतला. तो निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामात मेंदू प्रथम रसायनात स्थिर करावा लागतो, मग त्याचे अतिसूक्ष्म छेद घ्यावे लागतात. प्रतिद्रव्यात ते छेद बहुधा रात्रभर ठेवावे लागतात, आणि पहिला रंग बहुधा फसतो. एका प्रयोगाचा एक फेराच शिबिराची मुदत संपवून टाकतो. फसलेला छेद पुन्हा करणे हेच जेथे खरे शिक्षण, तेथे व्याख्यानांनी काय साधावे? (गोल्जीने १८७३ मध्ये शोधलेली चांदीच्या रंजनाची रीतही अशीच लहरी होती, काहालने तीच सुधारून मज्जापेशींचे स्वतंत्र अस्तित्व दाखविले. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्याच वर्षी नागपुरास व्हिक्टोरिया विज्ञान महाविद्यालय लाभले.)

शब्दांचीही एक अडचण आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतील ‘मज्जातंतू’ नव्या पुस्तकांत ‘चेतातंतू’ झाला. ‘मज्जा’ म्हणजे हाडातील मगज, हे ध्यानी घेता बदल युक्तच म्हणावा लागतो. मात्र मराठी माध्यमातील मुलास प्रयोगशाळेत तिसराच, इंग्रजी शब्द ऐकू येतो.

प्राण्यांच्या बाबतीत कायद्याचे बंधन आहे. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम व १९९८ चे प्रयोगविषयक नियम यांमुळे प्रत्येक प्रयोगास समितीची मान्यता लागते. शाळकरी मुलाच्या हाती उंदीर सहजासहजी देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु तयार छेदांचे निरीक्षण, पेशींची मोजणी, माशाच्या वर्तनाची दुरून नोंद, ही कामे कोणत्याही मान्यतेवाचून अडत नाहीत. अडते ते अन्यत्र. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या मे महिन्यात विद्यापीठाच्या इमारती ओस असतात, अकरावी उत्तीर्ण झालेला मुलगा वैद्यक वा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गात बसलेला असतो, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत नाव असूनही सूक्ष्मदर्शकापाशी त्याची जागा रिकामीच राहते.