गुप्त विद्या आणि उघडी प्रार्थना

चामोर्शीजवळ वैनगंगेच्या तीरीं मार्कंडा येथें महाशिवरात्रीची जी यात्रा भरते, ती परंपरेनें चालत आली आहे. तिला प्रचारक लागत नाहीं. परंतु परंपरेनें ज्यांचें समाधान होईना, अशांनीं आधुनिक काळीं नवे अध्यात्ममार्ग काढिले. त्या मार्गांपुढें प्रथमपासून एक प्रश्न उभा आहे: लाभलेलें ज्ञान झांकून ठेवावयाचें, कीं सर्वांस वांटावयाचें?

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकीं मॅडम ब्लॅव्हॅट्स्की व कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारींत मुंबईस आलीं. इंग्रजी शिकलेल्या हिंदी तरुणांस त्यांनीं आपल्या प्राचीन ग्रंथांचा अभिमान शिकविला, हें त्यांचें श्रेय होय. तथापि त्यांच्या अधिकाराचा मोठा भाग अदृश्य महात्म्यांच्या पत्रांवर उभा होता. १८८५ सालीं लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेच्या अहवालानें तीं पत्रें बनावट ठरविलीं. सोसायटी टिकली, पण हा वाद तिला कायमचा चिकटला.

मुंबईपासून दूर, चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या रानांत माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच पुढील काळांतील तुकडोजी महाराज (१९०९–१९६८), यांनीं तरुणपणीं साधना केली. रानांत तप केलेल्या पुरुषाभोंवतीं चमत्कारांच्या कथा सहज जमतात, आणि त्यांवर एखादा गूढ पंथ उभा राहणें अवघड नसतें. महाराजांनीं मात्र खंजिरी हातीं घेऊन गांव गांठलें. १९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या चिमूरच्या उठावानंतर त्यांस कारावास घडला. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय ग्रामसफाई, शिक्षण व श्रम यांनाच उपासना मानतात. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेंत कानांत सांगावयाचा मंत्र नाहीं; सर्व जातींचीं माणसें एकत्र बसून ती उघड म्हणतात.

तरीहि गूढाची ओढ ओसरली नाहीं. आजार, अपत्यहीनता, कर्ज यांनीं गांजलेल्या माणसास गुप्त शक्तीचें आश्वासन जवळचें वाटतें. आणि तें देणाऱ्याच्या हातीं तो आपली बुद्धि व पैसा दोन्ही सोंपवितो. म्हणूनच महाराष्ट्रास २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कायदा फसविणाऱ्यास शिक्षा करूं शकतो; दुःखिताजवळ जाऊन बसणें मात्र शेजाऱ्यांसच करावें लागतें. पूर्व विदर्भांतील अनेक गांवीं आजहि सायंकाळीं जी प्रार्थना होते, तिचें मोल येथें आहे.