बंदुकीचा दस्ता आणि नक्कल यंत्र

हैदराबादेतील ‘गनफाउंड्री’ या भागाला निजामाच्या सेवेतील फ्रेंच सेनानी रेमंड याच्या तोफांच्या कारखान्यावरून नाव मिळाले. रेमंड १७९८ मध्ये निवर्तला. त्या काळी बंदुकीचा लाकडी दस्ता सर्वत्र हातानेच घडवीत. कारण त्याची अनियमित वळणे साध्या लेथवर निघत नाहीत. ही अडचण अमेरिकेतील टॉमस ब्लँचर्ड याने दूर केली. त्याच्या लेथला १८१९ मध्ये पेटंट मिळाले.

या यंत्रात नमुन्याचा दस्ता आणि लाकडाचा ठोकळा एकाच गतीने फिरतात. नमुन्यावर टेकलेले चाक जसे आत-बाहेर सरकते, तसेच पाते ठोकळ्यावर सरकून तोच आकार कोरते.

नेमबाजाच्या मापाचा दस्ता करताना आधी नमुनाच दुरुस्त करतात. खांद्यापासून चापापर्यंतची लांबी, गाल टेकण्याच्या कडेची उंची आणि बाजूचा कल ही मुख्य मापे होत. नमुन्यातील चूक नकलेतही उतरते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. लाकूड बहुधा पूर्ण वाळलेल्या अक्रोडाचे असते. लोखंडी भाग बसवण्याची खाच अखेरीस हातानेच जुळवतात. ती सैल राहिल्यास बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने दस्ता तडकतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘शस्त्रे’ या संज्ञेत शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते; कलम ५ अन्वये निर्मितीस परवाना आवश्यक आहे. त्यामुळे हैदराबाद असो वा गोवा, असे काम हाती घेण्यापूर्वी कारागिराने परवाना अधिकाऱ्यांकडे विचारणा करणे इष्ट.