मेटाडोर, जोंगा आणि माझा चुकलेला हिशेब

आजचं जरा लांबणार आहे, चहा घेऊनच वाचायला बसा.

१९८६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली मलाजखंडला झाली. आपल्या बालाघाट जिल्ह्याचाच गडी मी, वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत कारकून, शिक्षण गोंदियाला बी.कॉम. तरी मलाजखंड मला परमुलखासारखंच वाटलं. तांब्याचा प्रकल्प १९८२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला, नवी कोरी कॉलनी, आणि त्यात तेलुगू, बंगाली, बिहारी, छत्तीसगढी अशी सगळी मंडळी. मराठी म्हणजे आपण बालाघाट-वारासिवनीचे आणि काही गोंदिया-भंडारा-नागपूरचे. रेल्वे नाही. बालाघाटपर्यंत नॅरोगेज यायची, पुढे उकवा-बैहरवरून जंगलातला आणि घाटातला रस्ता. तांदूळ, सिमेंट, भाजी, लग्नाचे तंबू, सगळं रस्त्यानेच. त्यामुळे बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत राजकारणापेक्षा गाड्यांवरच जास्त भांडणं व्हायची. देशी गाडी टिकते की परदेशी, हे कायमचं भांडण.

पिकअप हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. तीन चाकांचं ते टेम्पो आणि चार चाकांची लहान मालवाहू गाडी म्हणजे मेटाडोर, मग ती कुठल्याही कंपनीची असो. आता गंमत बघा. टेम्पो हे मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याचं नाव. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने त्यांच्याकडून परवाना घेऊन १९५८ पासून काम सुरू केलं आणि मेटाडोरही पुढे त्यांचीच. तो जर्मन कारखाना हानोमागमध्ये विरून गेला, त्याचं नाव जर्मनीत फारसं कोणी घेत नसेल. आपल्याकडे मात्र घर बदलायचं म्हटलं की आजही 'एक टेम्पो सांगून ठेव'. इतकी परदेशी वस्तू इतकी देशी झालेली दुसरी मला आठवत नाही. प्रेशर कुकर असेल कदाचित.

वडिलांच्या पिढीला परदेशी मालाचं वेड होतं आणि ते साहजिक होतं. त्यांनी पाहिलेली प्रत्येक गाडी परदेशीच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या विलीज आणि फोर्डच्या जीप नागपूर-जबलपूरकडून खाणमालकांकडे आल्या. महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली तीही अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांतूनच. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायला लागा. त्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून निघून गेल्या. महिंद्रा राहिले. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार केला. तो १५ वर्षांचा होता. १९६९ ला संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे 'टी' आला.

तो तारा गेल्याचं दुःख आमच्या भरवेलीच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला मरेपर्यंत होतं. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. "तारा गया, गाडी की जान गई," असं ते म्हणायचे. एकदा खाणीच्या वर्कशॉपमध्ये दोन ट्रक बॉनेट उघडून शेजारी शेजारी उभे होते, एक ताऱ्याचा आणि एक नवा. कोणीतरी पुढची जाळी पोत्याने झाकली आणि विचारलं, उस्ताद, यातला बेंझ कोणता? उस्तादांनी बराच वेळ पाहिलं, हात फिरवला आणि चुकीच्या ट्रकवर बोट ठेवलं. नंतर आठवडाभर ते कोणाशी बोलले नाहीत.

दुसरं उदाहरण जोंगाचं. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या पेट्रोल-जीपवरून बनलेली ही दणकट गाडी. सहा सिलिंडर, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. लष्करातून लिलावात निघालेल्या जोंगा आमच्या भागातले लाकडाचे ठेकेदार घ्यायचे आणि मागचा भाग कापून त्यावर हौदा बसवायचे. टपरीवर जपानी गाडीची बाजू घेणारे हटकून जोंगाचा दाखला द्यायचे, की बघा, जपानी लोखंड, बैहरच्या जंगलात काही होत नाही. आणि देशी पक्षाचा एक मेकॅनिक शांतपणे म्हणायचा, "जपानी कुठली, जबलपुरी आहे ती. तिचा पुर्जा रेल्वेने रात्रीत येतो." तेव्हा मी हसलो होतो. बोलणारा बिनशिक्षणाचा, बोटं ग्रीसने काळी. तो जे बोलला ते माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या मालवाहू गाड्यांसाठी जपानी भागीदारीला परवानगी दिली. चार जोड्या जमल्या. डीसीएम-टोयोटा, आंध्रात झहीराबादला ऑल्विन-निसान, पंजाबात स्वराज-माझदा आणि आपल्या मध्य प्रदेशातच पीथमपूरला आयशर-मित्सुबिशी. त्यांच्यासमोर टेल्कोने १९८६ मध्ये पुण्यात स्वतः आखलेली ४०७ उतरवली. नाव वाचायची युक्ती तेव्हा मला एका विक्रेत्याने सांगितली होती. पहिला आकडा भरलेल्या गाडीच्या वजनाचा, टनात, आणि पुढचा अश्वशक्तीचा, दहाने गुणायचा. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, २०६ आली, टाटामोबाइल. आज आपण ज्याला पिकअप म्हणतो तशी ती पहिली देशी गाडी.

बँकांना त्या काळी लहान वाहतूकदारांना कर्ज देणं हे अग्रक्रमाचं काम होतं. वरून उद्दिष्ट यायचं, ते मार्चपर्यंत पुरं करायचं. माझ्याकडे मोहगावकडचा एक पवार तरुण आला. नाव लिहीत नाही, घरचे लोक आहेत. वडिलांची थोडी धानाची शेती, स्वतः पाच-सहा वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवलेला. त्याला देशी गाडी हवी होती. माझ्या टेबलावर दोन कोटेशनं होती आणि मी बी.कॉम. फर्स्ट क्लास. मी दोन रकाने आखले. जपानी बनावटीची गाडी डिझेल कमी खाते, क्लच हलका, पाच गिअर, केबिन आरामाची, आवाज कमी. किंमत थोडी जास्त, पण तेलातल्या बचतीत भरून निघते. कागदावर ती सरळ जिंकत होती.

तो एवढंच म्हणाला, "साहेब, इसका पुर्जा कहाँ मिलेगा?"

मी म्हटलं, नवी गाडी आहे, दोन-तीन वर्षं पुर्ज्याचं नावच निघणार नाही. त्यात खोटं काही नव्हतं. गाडी खरंच चांगली होती. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण दोष मी जिथे शोधला तिथे नव्हताच.

दीड वर्ष उत्तम गेलं. हप्ता दर महिन्याला दहा तारखेच्या आत. देशी गाड्या त्याच काळात वारंवार खोलंबलेल्या दिसायच्या. आज पाटा तुटला, उद्या रेडिएटर गळतो. पण त्या दुपारी बिघडायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावायच्या. पाटे लोहार ठोकून द्यायचा, पंप मायकोचा असला की गोंदियाला नाहीतर नागपूरला दुरुस्त व्हायचा, बॉनेट वर केलं की बैहरचं शिकाऊ पोरगंसुद्धा आत हात घालायचं. आणि मी हप्त्यांच्या वहीत पाहून समाधानाने म्हणायचो, बघा, माझी गाडी एकदाही बंद पडली नाही.

१९८८ च्या एप्रिलमध्ये, मोहाच्या दिवसांत, गांगुलपाराच्या घाटात तिचं क्राऊन-पिनियन गेलं. भर चढावर. पोरगा वाचला, माल वाचला. गाडी दोराने ओढून बालाघाटला आणली. नागपूरच्या डीलरकडे तो भाग नव्हता, तो जपानहून येणाऱ्या भागांपैकी होता. पहिली महिनाभराची तारीख मिळाली, मग दुसरी. भाग आला तेव्हा अडीच महिने होऊन गेले होते, पावसाळा लागला होता आणि बिल पाहून तो मटकन खाली बसला.

ते बिल एवढं का वाढलं हे मला कळायला हवं होतं, ते माझ्याच विषयातलं होतं. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन मिळायचे, १९८८ मध्ये १३० च्या आसपास. आपला रुपया मात्र डॉलरच्या मानाने घसरतच होता, साडेबारावरून चौदाकडे. म्हणजे १०० येनला आधी साधारण ५ रुपये पडायचे, ते १० च्या वर गेले. तोच पुर्जा, तेच लोखंड, किंमत दुप्पट. न्यूयॉर्कच्या हॉटेलात झालेल्या सहीचा फटका मोहगावच्या पोराला बसला, आणि मधला दलाल मी. ही बातमी मी पेपरात वाचली होती, हो. वाचून घडी घालून ठेवली होती.

अजून एक गोष्ट लिहायची राहिली, ती लिहिणं जड जातं. घाटात गाडीत किती माल होता? पासिंग अडीच टनाचं, माल चार टनाच्या वर. सगळे त्यालाच बोलले, की ओव्हरलोड केला, भोगा. मी पण बोललो. मग एका रविवारी बँकेत बसून त्याच्या कर्जाची जुनी फाइल काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: महिन्याला २४ फेऱ्या. पावसाळ्यातही २४! ज्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस वाहतूक थांबते. प्रत्यक्षात वर्षाची सरासरी पंधराच्या वर जात नव्हती. म्हणजे माझा हप्ता भरायचा तर प्रत्येक फेरीला दीडपट माल भरण्यावाचून त्याला मार्गच नव्हता. देशी गाड्या असला भार सोसायच्या, कारण बनवणाऱ्यांनी आपले लोक काय करणार ते धरूनच चासीस जाड ठेवलेलं. जपानी माणसाने अडीच टन लिहिलं म्हणजे अडीच टनच.

तीन हप्ते थकले, मग पाच. वरून पत्रं आली. डिसेंबरात गाडी ताब्यात घेतली. पंचनाम्यावर सही माझीच. त्याचे वडील बँकेच्या पायरीवर बसून होते, काही बोलले नाहीत. लिलावात तिला भाव आला नाही, कारण दुसऱ्यांनाही पुर्ज्याची भीती. उरलेल्या रकमेसाठी त्यांनी धानाचा एक बांध विकला.

पुढचं थोडक्यात. त्या चार जोड्यांपैकी डीसीएम-टोयोटा नव्वदीच्या मध्यात देवूकडे गेली, ऑल्विन-निसान महिंद्रांकडे. आयशर आणि स्वराज मात्र टिकल्या, भाग इथे बनू लागले तसे त्यांचे ट्रक बैहरच्या रस्त्यावरही बिनतक्रार धावले. त्यामुळे जपानी गाडी वाईट, असं मला कोणी म्हणायला लावू नये. ४०७ तर अजून दिसते.

त्यानंतर मी वाहनकर्जाच्या प्रत्येक अर्जावर एक ओळ हाताने लिहायला लागलो: पुर्जा कुठे मिळतो, किती दिवसांत. छापील फॉर्मात तो रकाना नव्हता. एका ऑडिटरने विचारलंही, हे काय नवीन. मी म्हटलं, राहू द्या.

तो पोरगा पुढे बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला आणि मग एक जुनी देशी गाडी रोख पैसे मोजून घेतली. मी तेव्हा बालाघाटला होतो. बाजारात भेटला, केस पांढरे झालेले. आग्रहाने चहा पाजला. मी विचारलं, धंदा कसा आहे? म्हणाला, "ठीक आहे साहेब. महिन्याला बारा फेऱ्या करतो, पासिंगएवढाच माल." मग जरा थांबून हसत म्हणाला, "तुम्ही किती धरल्या होत्या हो?"

मी सांगितलं, चोवीस. त्याने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.