कर्करोग-नोंदणीच्या अभ्यासात शिरताना

2022 साली जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे 24 लाख 80 हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे 18 लाख माणसे त्याने दगावली, असा फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जिथे नोंदणी चांगली आहे तिथल्या नोंदी त्यात थेट घेतल्या जातात. जिथे फक्त मृत्यूंची माहिती मिळते तिथे त्यावरून रुग्णसंख्या काढतात, आणि काहीच हाती नसेल तर शेजारच्या देशांतले प्रमाण धरतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाचे मनापासून स्वागत करताना एक आग्रह धरावासा वाटतो: आकडा वाचण्याआधी तो कुणी, कुठे जाऊन गोळा केला, हे विचारा.

नॉर्वेत 1952 पासून कर्करोगाचा रुग्ण कळवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. पुढे प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक मिळाल्यावर रुग्णालय, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंद यांतल्या एकाच माणसाच्या नोंदी सहज जुळू लागल्या.

मुंबईत काम वेगळ्या रीतीने उभे राहिले. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदणी सुरू केली. इथे नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जातात, केसपेपर चाळतात, प्रयोगशाळांचे अहवाल आणि महापालिकेकडची मृत्युनोंद तपासतात. एकच रुग्ण तीन दवाखान्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेल्या नावाने सापडतो. वय, पत्ता, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव ताडून तो एकदाच मोजायचा असतो. शिवाय परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून माणसे येतात. बिहारहून उपचारांसाठी आलेला रुग्ण मुंबईच्या आकड्यात धरला, तर शहराचे प्रमाण उगाच फुगेल. म्हणून निवासाची अट कसोशीने पाळावी लागते. या चिकाटीच्या कामाला संशोधनाचा मान क्वचितच मिळतो, पण साऱ्या संशोधनाचा पाया तेच आहे.

खेड्यात तर रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीने गावोगाव जाण्याची पद्धत स्वीकारली. कर्मचारी लोकांना लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणत. नोंद करता करता निदानाची वाटही खुली झाली, हे मला बार्शीचे फार मोठे देणे वाटते.

फुप्फुसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त आणि एक्स-रेवर डाग ही चिन्हे क्षयाचीही असतात. आपल्याकडे अशा रुग्णाला आधी टीबीची औषधे मिळणे नवे नाही. त्यात महिने जातात आणि काही जण बायोप्सीआधीच जातात. दुसऱ्या अवयवातला कर्करोग फुप्फुसात पसरला असेल, तर तोही फुप्फुसाचा म्हणून लिहिला जाण्याचा धोका असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात मिळते. 1973 ते 1975 या काळातल्या देशव्यापी मृत्यू-पाहणीत दिसले की, तिथल्या बायका जवळजवळ धूम्रपान करत नसूनही फुप्फुसाच्या कर्करोगाने मोठ्या संख्येने मरत होत्या. शोध घेतल्यावर कारण घरातच निघाले: धुराडे नसलेल्या चुलीत जळणारा धुरकट कोळसा. पुढे ज्या घरांत धुराडी बसली, तिथे काही वर्षांनी हे प्रमाण घटले.

तेव्हा कोणत्याही देशाचा तक्ता उघडलात की आधी दोन रकाने पाहा: सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्या रुग्णांचा टक्का आणि केवळ मृत्यू-दाखल्यावरून कळलेल्यांचा. दुसरा टक्का मोठा असेल, तर हयातीत बरेच रुग्ण निसटले असे समजावे. पहिला जवळजवळ शंभर असेल तरी लगेच सुखावू नका; कदाचित नोंदणीवाले प्रयोगशाळेपलीकडे गेलेच नसतील, आणि बायोप्सी न झेपणारे म्हातारे रुग्ण त्या तक्त्यात आलेच नसतील.